पडद्यावरचे दोन मजूर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. आज मी कातड्याच्या एका चित्राचा इतिहास सांगणार आहे.

जुन्या इस्तंबूल शहरात रमजानचा रोजा सुटला, नमाज आटोपली, की कष्टकरी माणसे कॉफीच्या दुकानांत जमत. तेथे पांढरा कपडा ताणलेला असे व त्यामागे तेलाचा दिवा. त्याला तुर्की लोक ‘पेर्दे’ म्हणतात. आपला ‘पडदा’ तो हाच. दोघांनीही तो फारसीतून घेतला. परंपरेने या खेळाची २८ नाटके मोजतात. शब-ए-कद्रची पवित्र रात्र वगळून प्रत्येक रात्री नवे नाटक होई.

चित्र करण्याची रीत पाहा. उंटाचे कातडे उजेड आरपार जाईपर्यंत खरवडायचे. जाड राहिले तर दिवा दिसत नाही, फार खरवडले तर फाटते. तेव्हा हाताच्या अंदाजावरच सारी भिस्त. मग धारदार सुरीने दीड वीत उंचीची आकृती कोरायची, नक्षीची भोके पाडायची, रंग भरायचे, सांधे दोऱ्याने जोडायचे. काठी खोचून ती कपड्याला टेकवली की रंगांसकट चित्र उमटते. जरा मागे नेली की कडा पुसट होतात. सर्व पात्रांचे आवाज एकटा खेळवाला काढी. त्याला ‘हयाली’ म्हणत. आपल्या गवयांचा ‘ख्याल’ याच अरबी शब्दाच्या घरातला.

खेळाचा नायक कारागोझ. अडाणी, रोकठोक आणि बहुधा बेकार. शेजारचा हाजीवात शिकलेला आणि गोडबोल्या. तो कारागोझला काम मिळवून देतो, कारागोझ ते बिघडवतो, आणि लोक हसतात.

हे दोघे आले कोठून? लोककथा सांगते की, चौदाव्या शतकात बुर्सा शहरी सुलतान ओरहान मशीद बांधीत होता. कारागोझ तेथे लोहार, हाजीवात गवंडी. त्यांच्या थट्टामस्करीने मजूर हातातले काम टाकून ऐकत राहत. बांधकाम रखडले म्हणून सुलतानाने दोघांना ठार मारविले. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, तेव्हा शेख कुश्तेरी नावाच्या साधूने पडद्यावर त्यांच्या सावल्या उभ्या केल्या.

या कथेला दप्तरी आधार नाही. दप्तर निराळेच सांगते. १५१७ साली सुलतान सलीमने इजिप्त जिंकले आणि तेथील अखेरच्या मामलुक सुलतानाला, तुमान बे याला, कैरोच्या वेशीवर फाशी दिली. इब्न इयास हा बखरकार लिहितो की, त्याच फाशीचा छायाखेळ सलीमने पाहिला, दोर दोनदा तुटल्याचा प्रसंगही पाहिला, आणि खूष होऊन खेळवाल्याला बक्षीस दिले. कैरोत ही कला तेराव्या शतकातही होती. इब्न दानियाल या नेत्रवैद्याने लिहिलेली तीन छायानाटके आजही उपलब्ध आहेत. तुर्कस्तानात ती इजिप्तहून आली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

आता दोन्ही हकिगती शेजारी ठेवा. दप्तरात पडदा राजाची खुशामत करतो. लोककथेत तोच पडदा राजाने मारलेल्या मजुरांना वाचा देतो. पहिली हकिगत विद्वानांच्या ग्रंथांत राहिली. दुसरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, आणि बुर्सात कारागोझचे स्मारकही उभारले. घडले काय हे दप्तर सांगते. लोकांना काय सलत होते, हे कळायला कथाच ऐकावी लागते. इतिहासाला दोन्ही साक्षी हव्यात.

राज्यकर्त्यांनाही या सावलीची धास्ती होतीच. १८४३ साली फ्रेंच लेखक नेर्वाल इस्तंबूलमध्ये रमजानच्या रात्री हे खेळ कौतुकाने पाहत होता. त्याच साली अल्जीरियात फ्रेंच सरकारने कारागोझवर बंदी घातली. कातड्याच्या बाहुलीला तोफखाना भितो, तो तिच्या तोंडच्या शब्दांमुळे.

आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी कातड्याच्या बाहुल्यांनी पडद्यावर रामकथा दाखवतात. ती कला वेगळ्या घराण्यातली. पण दिवा, कातडे आणि कष्टाचा हात तोच. २००९ साली युनेस्कोने कारागोझला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मान मिळाला, चांगले झाले. परंतु काम थांबवून हसल्याबद्दल ज्यांचे प्राण गेले असे लोक मानतात, त्या दोघांची आठवण मजुरांनी त्यापूर्वी कित्येक शतके, कोणाच्याही सनदेवाचून, एका दिव्याच्या उजेडात जपली होती.