काचेवर राहिलेले जहाज

ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्याला समुद्र कसा दाखवावा? चलचित्रपटाचा जन्म होण्यापूर्वी युरोपात हे काम एका साध्या पेटीने केले. आत दिवा, त्यापुढे भिंगे, आणि दोन्हींच्या मध्ये उलटे धरलेले काचेवरचे चित्र. अंधाऱ्या दालनातील पांढऱ्या पडद्यावर तेच चित्र सुलटे व भव्य होऊन उमटे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ साली या 'जादूच्या कंदिला'साठी चित्रे रेखाटली. येशूसंघीय विद्वान अथानासियुस किर्चर यांनी १६७१ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची आकृती छापल्यामुळे शोधाचे श्रेय दीर्घकाळ त्यांच्याकडे गेले. आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास याच तत्त्वावर 'शांबरिक खरोलिका' उभी करून पौराणिक कथा पडद्यावर आणल्या.

जहाज आणि समुद्र हे या कंदिलाचे विशेष लाडके विषय. एका काचेवर लाटा व दुसऱ्या काचेवर गलबत रंगवीत. छोटा दांडा हलविला की गलबत लाटांवर डोलू लागे. दोन कंदील एकाच पडद्यावर रोखून एकाचा उजेड मंदावला आणि दुसऱ्याचा वाढविला, की शांत सागराचे पाहता पाहता वादळात रूपांतर होई. पुढे रंगविलेल्या काचांच्या जोडीला छायाचित्रांच्या काचा आल्या. इंग्लंडात त्या साधारण सव्वातीन इंच चौरस असत. रंगविलेले वादळ ही कल्पना आहे, हे प्रेक्षक जाणत होता. छायाचित्रावर मात्र त्याने साक्षीदारावर ठेवावा तसा विश्वास ठेवला. म्हणूनच एका जहाजाच्या काचांची कथा आम्हांस विचारात घेण्याजोगी वाटते.

ते जहाज म्हणजे सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे 'एन्ड्युरन्स'. दक्षिण ध्रुवखंड पायी ओलांडण्याच्या मोहिमेसाठी ते ५ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण जॉर्जिया बेटावरून निघाले आणि जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात रुतले. जहाजावर २८ माणसे होती. त्यांत ऑस्ट्रेलियाचे छायाचित्रकार फ्रँक हर्ली हे एक. ध्रुवीय हिवाळ्यातील काळ्याकुट्ट रात्री त्यांनी बर्फाच्या उंचवट्यांआड सुमारे वीस ठिकाणी चमकदारू पेटवून गोठलेल्या जहाजाचे चित्र घेतले. दोरखंडांवर हिम साचलेले ते पांढरे जहाज पाहताना आजही अंगावर काटा येतो.

बर्फाच्या दाबाने जहाज चिरडले, आणि २७ ऑक्टोबर १९१५ रोजी सर्वांना ते सोडावे लागले. काही दिवसांनी हर्ली मोडक्या जहाजात परतले, अंगावरचे कपडे उतरवून बर्फाळ पाण्यात शिरले आणि काचांचे झाळून बंद केलेले डबे त्यांनी वर काढले. परंतु पुढचा प्रवास लहान होड्यांचा, आणि त्यांत जागा मोजकी. हर्ली आणि शॅकल्टन बर्फावर बसले व एकेक काच पाहू लागले. सुमारे १२० काचा ठेवल्या. सुमारे ४०० तेथेच फोडल्या. नंतर मोह होऊन मन बदलू नये, म्हणून फोडल्या. चित्रांचे हक्क विकूनच मोहिमेसाठी पैसा उभारलेला होता, त्यामुळे ठेवलेल्या काचांना पोटाचेही मोल होते.

याच दिवसांत प्रत्येकाच्या वैयक्तिक सामानावर दोन पौंडांची मर्यादा आली. उदाहरण घालून देण्यासाठी शॅकल्टन यांनी सोन्याच्या वस्तू बर्फावर टाकल्या आणि राणी अलेक्झांड्रा यांनी दिलेले बायबलही तेथेच ठेवले. राणीच्या हस्ताक्षराचे पान, तेविसावे स्तोत्र आणि ईयोबाच्या पुस्तकातील एक पान एवढेच त्यांनी सोबत घेतले. टॉमस मॅक्लाउड नावाच्या खलाशाने तो ग्रंथ गुपचूप उचलला आणि तो आजवर टिकला.

एप्रिल १९१६ मध्ये सर्वजण एलिफंट बेटावर पोहोचले. २४ एप्रिल रोजी शॅकल्टन यांच्यासह सहाजण मदत आणण्यासाठी 'जेम्स केअर्ड' या होडीतून निघाले. मागे राहिलेल्या २२ जणांनी किनाऱ्यावरून हात उंचावले. हर्लींनी तो क्षण टिपला. सुटका झाली ती चार महिन्यांनी, ३० ऑगस्टला, चिलीच्या 'येल्चो' जहाजातून. त्या २८ जणांपैकी एकही दगावला नव्हता.

डिसेंबर १९१९ पासून पुढील मे महिन्यापर्यंत शॅकल्टन लंडनच्या फिलहार्मोनिक सभागृहात दिवसातून दोनदा या चित्रांसह व्याख्यान देत होते. ज्या पडद्यावर बुडणारे जहाज पाहायचे, त्याच्याशेजारी तो बुडताना पाहिलेला मनुष्य उभा! पण इतिहासाला येथे एक टोचणी आहे. २४ एप्रिलच्या निरोपाच्या चित्रात फेरफार करण्यात आला, आणि ते सुटकेचे चित्र म्हणून लोकांपुढे आले. निरोपासाठी उंचावलेले हात स्वागताचे ठरले.

सुटका खोटी नव्हती. तिचा पुरावा तेवढा खोटा होता. आमच्या मते हानी येथेच होते. फोडलेल्या ४०० काचांनी कोणाला फसविले नाही. त्या नाहीत, एवढेच. बदललेल्या एका काचेने मात्र चार महिन्यांची वाट पाहणे, उपास आणि आशा पुसून टाकली. त्या माणसांचा खरा पराक्रम तर त्या प्रतीक्षेतच होता. सत्कथेला असत्याचा टेकू दिला की कथा बळकट होत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात पुढे खऱ्या चित्राविषयीही शंका शिरते.

५ मार्च २०२२ रोजी वेडेल समुद्रात ३,००८ मीटर खोलीवर 'एन्ड्युरन्स' सापडले. मागील बाजूस नावाची अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. आपल्या किनाऱ्यावरील घरांतही आजोबांच्या होडीची, जुन्या चर्चची, मिरवणुकीची छायाचित्रे पेटीत पडलेली असतात. वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून चित्रामागे नाव, गाव व साल लिहून ठेवावे. आणि जे त्यांना आठवत नाही, ती जागा कोरी सोडावी.