टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी : अहवाल कसा वाचावा?

सततचा थकवा, मंदावलेली लैंगिक इच्छा किंवा वंध्यत्व अशा तक्रारी असलेल्या पुरुषांना डॉक्टर अनेकदा टेस्टोस्टेरॉनची तपासणी सुचवतात. संपूर्ण शरीर तपासणीच्या काही 'पॅकेज'मध्येही तिचा समावेश असतो. अहवालातील आकडा मर्यादेखाली दिसला की पुरुषत्वच उणावल्याची धास्ती मनात बसते आणि काही जण थेट इंजेक्शनची वाट धरतात. प्रत्यक्षात एका वेळच्या एका आकड्यावरून निदान होत नाही. उलट घाईने घेतलेल्या उपचारामुळे अपत्यप्राप्तीची शक्यता धोक्यात येऊ शकते.

संप्रेरकाचे कार्य

टेस्टोस्टेरॉन हे प्रामुख्याने वृषणातील लायडिग पेशींमध्ये तयार होणारे संप्रेरक आहे. दाढी-मिशा, आवाजातील बदल, स्नायू व हाडांची बळकटी, तांबड्या पेशींची निर्मिती आणि लैंगिक इच्छा यांच्याशी त्याचा संबंध आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी त्यावर नियंत्रण ठेवते. तिच्यातून स्रवणारे एलएच हे संप्रेरक वृषणाला टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा आदेश देते, तर एफएसएच शुक्रजंतूंच्या निर्मितीला चालना देते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की हे आदेश आपोआप मंदावतात.

नमुना केव्हा द्यावा?

टेस्टोस्टेरॉनची पातळी पहाटेनंतर सर्वाधिक असते आणि दिवस चढतो तशी ती उतरते. तरुणांमध्ये हा फरक विशेष ठळक असतो. त्यामुळे नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावा. रात्रपाळी करणाऱ्यांनी आपली झोपेची वेळ डॉक्टरांना आधी सांगावी. ताप, शस्त्रक्रिया किंवा गंभीर आजार यांच्या काळात पातळी तात्पुरती घसरते. अशा वेळी तपासणी पुढे ढकलणे योग्य. स्टेरॉइड व अफूजन्य वेदनाशामक औषधांनीही ती कमी होते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर आकडा चुकीचा येऊ शकतो, म्हणून अशा गोळ्यांची माहिती प्रयोगशाळेला आधी द्यावी.

पहिला आकडा कमी आल्यास वेगळ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासणी करणे आवश्यक असते. पहिल्या वेळी कमी आलेला आकडा दुसऱ्या वेळी सामान्य येणे हे मुळीच दुर्मीळ नाही.

आकडे आणि एकके

अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये एकूण टेस्टोस्टेरॉनसाठी ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही खालची मर्यादा मानली. लठ्ठ नसलेल्या, १९ ते ३९ वयोगटातील निरोगी पुरुषांसाठी २६४ ते ९१६ ही कक्षाही वापरली जाते. प्रयोगशाळेनुसार पद्धत बदलते, म्हणून आपला आकडा त्याच अहवालावर छापलेल्या कक्षेशीच ताडून पाहावा.

एककाकडे दुर्लक्ष झाल्यास अकारण घबराट होते. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, किंवा सुमारे १०.४ नॅनोमोल प्रति लिटर. 'नॅनोमोल'मधील १५ हा आकडा ३०० शी ताडून घाबरण्याचे कारण नाही. तो सुमारे ४३० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर इतका होतो.

'एकूण' आणि 'मुक्त'

रक्तातील बहुतांश टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या प्रथिनांना जोडलेले असते. जेमतेम दोन-तीन टक्के 'मुक्त' असते आणि पेशींना ते सहज उपलब्ध होते. लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेहात एसएचबीजी घटते. त्यामुळे 'एकूण' आकडा कमी दिसला तरी 'मुक्त' प्रमाण सामान्य असू शकते. याउलट वाढत्या वयात व यकृताच्या काही विकारांत एसएचबीजी वाढते आणि 'एकूण' आकडा फसवा दिलासा देतो. म्हणूनच सीमारेषेवरील अहवालात एसएचबीजी व अल्ब्युमिन मोजून मुक्त टेस्टोस्टेरॉनचे गणित मांडले जाते.

कमतरतेचे मूळ कोठे?

कमतरता निश्चित झाल्यावर एलएच व एफएसएच तपासतात. टेस्टोस्टेरॉन कमी आणि ही दोन्ही वाढलेली असतील तर दोष वृषणात असतो. गालगुंडानंतरची वृषणाची हानी किंवा क्लाइनफेल्टर सिंड्रोम ही त्याची उदाहरणे. ती कमी किंवा सामान्यच राहिली असतील तर कारण पियुषिका ग्रंथीत वा मेंदूतील नियंत्रण केंद्रात शोधावे लागते. त्यासाठी प्रोलॅक्टिनची तपासणी आणि गरजेनुसार मेंदूचा एमआरआय केला जातो.

स्त्रियांच्या बाबतीत

स्त्रियांमध्ये हे संप्रेरक अंडाशय व अधिवृक्क ग्रंथींतून तयार होते आणि त्याचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत अगदी अल्प असते. चेहऱ्यावर केस येणे, मुरुमे, अनियमित पाळी अशा लक्षणांसोबत ते वाढलेले आढळल्यास बहुधा पीसीओएसचा विचार होतो. पातळी फारच जास्त असेल, तर अंडाशय किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते.

उपचारापूर्वी सावधान

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की पियुषिका ग्रंथीचे आदेश थांबतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते. काहींमध्ये ती पूर्ण बंदही पडते. औषध थांबवल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात. त्यामुळे नजीकच्या काळात अपत्य हवे असलेल्या पुरुषांना हा उपचार देत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी औषधे आहेत. उपचारात रक्त दाट होण्याचाही धोका असतो. म्हणून हिमॅटोक्रिट नियमित तपासतात आणि तो ५४ टक्क्यांवर गेल्यास औषध थांबवतात. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ५,२०० पुरुषांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांत त्यात वाढ दिसली नाही. मात्र हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण अधिक आढळले.

लठ्ठपणामुळे पातळी घटलेल्या अनेकांमध्ये वजन कमी केल्यावर ती पुन्हा वाढते. तेव्हा लक्षणे, सकाळच्या दोन तपासण्या आणि कमतरतेचे कारण या तीनही गोष्टी स्पष्ट झाल्यावरच अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांशी किंवा मूत्ररोगतज्ज्ञांशी चर्चा करून उपचाराचा निर्णय घ्यावा.