मृगाचा पहिला पाऊस आणि वऱ्हाडची पेरणी



जून महिन्याचा पहिला आठवडा उजाडला, की अमरावती-अकोल्याच्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : पाऊस कधी येणार? प्रश्न एकच असला, तरी विचारणारांची मने निराळी असतात. शहरातील माणसाला उन्हाच्या काहिलीतून सुटका हवी असते. खेड्यातील कास्तकार मात्र त्याच प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न विचारीत असतो. पहिला पाऊस आला, तर त्याच्यावर विश्वास ठेवून बी जमिनीत टाकावे, की थांबावे? आज मी आपणांस या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगणार आहे. वऱ्हाडचा इतिहास म्हणजे केवळ राजे, लढाया आणि तह नव्हेत. दर वर्षी जूनमध्ये घरोघरच्या कर्त्या माणसाला एकट्याने करावा लागणारा हा निर्णय, हाही त्या इतिहासाचाच भाग होय.

प्रथम अडचण नेमकी कोणती, ते पाहू. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील आपली काळी, भारी जमीन उन्हाळ्यात तापून भेगाळते. पहिली सर पडते ती या भेगांतच जिरून जाते. वरची चार बोटे माती ओली दिसते, खाली मात्र ती कोरडीच असते. अशा फसव्या ओलीवर पेरलेले बी फुगते, त्याला मोड येतो, आणि मग आठ-दहा दिवसांची उघाड पडली म्हणजे कोंब मातीतल्या मातीत करपून जातो. उलटपक्षी पाऊस फार झाला, तर वाफसा येत नाही, तिफण चालत नाही आणि बी चिखलात कुजते. जे उगवून येते त्यावर वाणी नावाचा किडा आणि हरणा-रोह्यांचे कळप टपलेले असतातच. बरे, विहिरीचे पाणी देऊन कोंब वाचवावेत म्हटले, तर अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून गेलेल्या खारपाण पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारे. ते पिकाला मानवत नाही. यास्तव तेथे डोळे आभाळाकडेच लावावे लागतात.

मग थांबावे, असे कोणी म्हणेल. परंतु थांबण्यालाही किंमत आहे. कपाशीचे पीक दीर्घ मुदतीचे. पेरणी जितकी लांबेल, तितका पुढे बोंडे भरण्याच्या वेळी जमिनीतील ओलावा कमी पडतो. मूग-उडदाची वेळ तर जुलैच्या पूर्वार्धातच निघून जाते. दूरच्या कॅनडा देशातील प्रेअरी मैदानांवर गहू पेरणारा शेतकरीही मे महिन्यात असाच पेचात सापडतो; पण त्याच्या जमिनीत वितळलेल्या बर्फाची काही ओल अगोदरच मुरलेली असते, आणि त्याला धास्ती असते ती उशिरा येणाऱ्या कडक हिवाची. आमच्या कास्तकाराजवळ मागची ओल शिल्लक नसते. त्याचा हंगाम कोऱ्या पाटीवरच सुरू होतो.

या पेचातून वाट काढण्यासाठी आपल्या पूर्वजांनी नक्षत्रांचा आधार घेतला. सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश जूनच्या ७ किंवा ८ तारखेस होतो, आर्द्रात २१-२२ तारखेस, आणि पुनर्वसूत जुलैच्या ५-६ तारखेस. सुमारे तेरा-चौदा दिवसांचा हा एकेक टप्पा म्हणजे शेतकऱ्याचे वेळापत्रकच होय. पंचांगकर्ते प्रत्येक नक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती, घोडा, उंदीर असे वाहन देतात आणि त्यावरून पाऊसमान सांगतात. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ या गावी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी घटमांडणी होते. शेतात वर्तुळाकार घट आखून त्यात अठरा धान्ये मांडतात. मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य किती हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, यावरून भाकीत सांगितले जाते, आणि ते ऐकण्यास आजही दूरदूरचे लोक जमतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे मी शिक्षक या नात्याने स्पष्ट सांगतो. तरीपण तेथे जमणाऱ्यांना मी भोळे म्हणणार नाही. एकट्याने उचलावयाचा भार चार माणसांत बसून थोडा हलका होतो, आणि तो ज्याने उचलला आहे, त्यालाच त्याचे मोल कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पहिल्या पावसाची लहर आजची नाही. ती पूर्वीही अशीच होती. मग बदलले काय? माझ्या समजुतीप्रमाणे, बदलली ती चुकीची किंमत.

जुन्या वऱ्हाडात बी घरचे असे. ज्वारीची निवडक कणसे बेण्यासाठी राखून ठेवीत. सरकी शेणमातीच्या काल्यात चोळून पेरण्यायोग्य करीत. धाडसी माणूस पाऊस पडण्यापूर्वीच कोरड्या मातीत धूळपेरणी करी. पेरणी फसली, तर बैलांचे आणि माणसांचे श्रम वाया जात, घरचे काही पायली धान्य जाई; पण कणगीत हात घालून पुन्हा पेरता येत असे. ज्याची कणगी रिकामी, तो सावकाराकडून सवाई-दिढीने बी आणी, म्हणजे सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करी. सोसणे तेव्हाही होते, गरिबाला तर फारच होते. परंतु पुष्कळांचे ते सोसणे बहुधा धान्याचे होते, रोकडीचे नव्हते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, आणि साऱ्यांची दृष्टी आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली आगगाडी अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. १८७० साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील खामगावला रेल्वेचा फाटा आणि कापसाचा बाजार गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. १८६५ साली युद्ध संपून भाव कोसळले होते. तरी कपाशी वऱ्हाडात ठाण मांडून राहिली. पैसा आला, पक्की घरे उठली, हे खरे. पण जूनमधील एका पावसावर आता घरची भाकरीच नव्हे, तर सारा, सावकाराचे व्याज आणि परदेशचा भावही टांगला गेला.

याची कसोटी शतकाच्या शेवटी लागली. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो, तोच १८९९ साली पाऊस फसला. विक्रम संवत १९५६ वरून लोक त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास भरली. वाढावयाची ती दहा वर्षांत घटली! या आकड्याखाली किती घरे बसली असतील, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

त्या वेळी हवामानशास्त्र नव्हते असे नाही. हिंदुस्थानात हवामान खाते १८७५ साली निघाले. त्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून पावसाचे अनुमान बांधण्याची रीत घातली आणि १८८६ पासून अधिकृत अंदाज निघू लागले. पण १८९९ साठी खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता. तो साफ चुकला. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती या खात्याचे प्रमुख झाले. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेचा दाब झोक्यासारखा खालीवर होतो, हे त्यांनी जगभरच्या आकड्यांवरून दाखवून दिले. आज ज्याला आपण एल निनो म्हणतो, त्याच्याशी या झोक्याचे नाते पुढे १९६०-७० च्या दशकात उलगडले. १९४५ पासून रेडिओवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू झाली, १९४८ साली नागपूरचे केंद्र निघाले, आणि चावडीवरचा रेडिओ हा वऱ्हाडचा नवा जोशी झाला.

येथे एक खाजगी आठवण सांगतो. मी नोकरीच्या आरंभी एका खेड्यात शिक्षक होतो. १९८० नंतरच्या त्या दशकात गावात वर्तमानपत्र येई ते शाळेतच. जूनमध्ये रोज सायंकाळी एक कास्तकार येऊन विचारी, "गुर्जी, पान्याचं काय म्हन्ते पेपर?" एके दिवशी मी वाचून दाखविले की विदर्भात सर्वत्र पावसाचा संभव आहे, आणि माझ्या पदरची पुस्ती जोडली, की आता पेरायला हरकत नाही. त्याने पेरले. एक पाऊस झाला आणि नंतर पंधरा-सोळा दिवस थेंब नाही. बी संकरित होते, विकतचे होते. दुसऱ्या बियाण्यासाठी त्याने दावणीचा गोऱ्हा विकला. मी ओशाळून त्याच्याकडे गेलो, तर तोच म्हणाला, "गुर्जी, पेपर साऱ्या विदर्भाचा व्हय, माहं वावर आठच एकर हाय." त्याने मला दोष दिला नाही. पण त्यानंतर मी कोणालाही 'पेरा' असे सांगितले नाही. फक्त वाचून दाखवी आणि पाऊस किती मोजला गेला ते सांगे.

तो गोऱ्हा मला नेहमी आठवतो, कारण बदल कोठे झाला ते त्याच्यावरूनच कळते. कपाशीचे पहिले संकरित वाण १९७० साली आले, बीटी वाण २००२ साली. उत्पन्न वाढले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संकरित बियांचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून ते बी दर वर्षी विकत घ्यावे लागते; पेरणीबरोबर खतही घालावे लागते. कणगीत हात घालण्याचा मार्ग बंद झाला. आता पेरणी फसते तेव्हा रोकड जाते, आणि पुष्कळदा ती रोकड कर्जाची असते. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर झाली. त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम, म्हणजे सारा वऱ्हाड होता. त्या दुःखाची कारणे अनेक आहेत. दुबार पेरणी हे त्यांतले एक, पण ते हंगामाच्या पहिल्याच पायरीवर उभे असते. २०१४ च्या जून महिन्यात देशात सरासरीपेक्षा सुमारे ४२ टक्के पाऊस कमी पडला, तेव्हा हे पुन्हा दिसून आले.

मग उपाय काय? १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, जे आज डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते, ते आणि कृषिखाते सांगतात, की ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नये. सोयाबीनचे घरचे बी असल्यास शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि सत्तर उगवले तर ते पेरण्यास योग्य समजावे. आता महसूल मंडळनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापकेही उभी झाली आहेत, त्यामुळे 'सारा विदर्भ' आणि 'आठ एकर' यांतील अंतर पुष्कळ कमी झाले आहे.

पण थांबा, हा सल्ला ज्याच्या हाती बियाण्याचा पैसा वेळेवर आला आहे, त्यालाच पाळता येतो. पीककर्ज मृगापूर्वी मिळाले तर माणूस शांतपणे ओल पाहतो. ते उशिरा मिळाले, किंवा सावकाराचे व्याज डोक्यावर चढू लागले, म्हणजे तो पहिल्याच सरीवर तिफण काढतो. घाई ही पुष्कळदा अज्ञानाची नसते, कर्जाची असते. आपल्यापैकी कित्येकजण बँकांतून, कचेऱ्यांतून, बियाण्यांच्या दुकानांतून काम करतात. मे महिन्यात आपल्या मेजावर आलेला कागद आठ दिवस अगोदर पुढे सरकला, तर एखाद्या गोठ्यातला गोऱ्हा दावणीलाच राहील. पाऊस आपल्या हाती नाही, कागद आहे.