तेरा पौंडी रुळांवरचे इंजिन

१८६२ साली मियागाम आणि डभोई यांच्या दरम्यान धावू लागलेल्या आगगाडीत आग नव्हती. लोखंडी रूळ होते, त्यांवर डबे होते आणि डबे ओढायला बैलांच्या जोड्या होत्या. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी आपल्या संस्थानात टाकलेली ही अडीच फुटी रेल्वे म्हणजे हिंदुस्थानातली पहिली नॅरोगेज. स्वतःच्या खर्चाने रेल्वे उभारणारे बडोदे हे देशातल्या अगदी पहिल्या संस्थानांपैकी एक.

खंडेरावांनी ती टाकली त्याला कारण होते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची मोठी रेल्वे १८६१ साली बडोद्यापर्यंत आली आणि मियागाम तिच्या वाटेवर पडले. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. डभोईच्या आसपास काळी कसदार जमीन. पण या जमिनीत पावसाळ्यात गाडीचे चाक आसापर्यंत रुतायचे. डभोईहून मियागामपर्यंतचे सुमारे ३३ किलोमीटर ओलांडले की माल मोठ्या रेल्वेच्या हाती जाई. तेवढ्यासाठी रुंद मार्गाचा खर्च कशाला? अरुंद मार्ग घ्यावा, हलके रूळ टाकावेत, बैल तर घरचेच आहेत, असा हिशेब होता आणि त्या काळाच्या मानाने तो चोख होता.

रूळ किती हलके? एका यार्डाला अवघे १३ पौंड. आजच्या मापात मीटरला साडेसहा किलोच्या आत. भारतीय रेल्वेच्या प्रमुख मार्गांवर आज मीटरला ६० किलोचा रूळ असतो, यावरून तो रूळ केवढा नाजूक होता ते कळावे.

पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, ग्लासगोच्या नीलसन कंपनीकडून वाफेचे इंजिन आले. इंजिनात खोट नव्हती. नीलसन ही त्या काळातली नाणावलेली कंपनी. रुळांतही खोट नव्हती. बैलांनी ओढलेले डबे ते बिनतक्रार पेलत होते. बिनसले ते दोघांची गाठ पडल्यावर. डब्यांचे वजन अनेक चाकांवर विखुरलेले असते. इंजिनात बाष्पक, पाणी आणि कोळसा यांचा सगळा भार मोजक्या आसांवर येतो आणि दोन स्लीपरांमधला रूळ त्या भाराखाली वाकतो. असा मार्ग रोजच्या इंजिनाला पुरा पडणे शक्य नव्हते आणि पडलाही नाही.

मग बडोद्याने जे केले ते या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. बैल पुन्हा जुंपले गेले.

यात कमीपणा काहीच नव्हता. गाड्या चालू राहिल्या, माल मियागामला पोहोचत राहिला आणि दरम्यान मार्ग नव्याने बांधायला सवड मिळाली. अधिक मजबूत रूळ टाकून ८ एप्रिल १८७३ रोजी मार्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा गादीवर मल्हारराव होते. इंजिने रोजच्या वापरात पक्की बसायला तर १८८० चा सुमार उजाडला. दिवाण टी. माधवरावांच्या काळात याच मापाची रेल्वे चांदोदपर्यंत आणि बडोद्याच्या गोयागेटपर्यंत गेली. डभोई हे नॅरोगेजचे मोठे जंक्शन झाले. १८६३ मध्येच वेल्समधल्या फेस्टिनिऑग या पाटीचा दगड वाहणाऱ्या अरुंद रेल्वेवरही घोड्यांच्या जागी वाफेची इंजिने आली. तिथे ती टिकली. म्हणजे अरुंद मार्गावर इंजिन चालतच नाही, असा निष्कर्ष बडोद्याने काढला असता तर तो चुकीचा ठरला असता. अडचण मार्गाच्या रुंदीत नव्हती. ती रुळाच्या वजनात होती आणि नेमकी तीच दुरुस्त झाली.

दोष नेमका कुठे आहे हे ओळखणारी माणसे आपोआप तयार होत नाहीत. सयाजीराव महाराजांनी त्यासाठी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, मूळचे सुरतेचे, सुतारकाम आणि शिल्पशास्त्र यांची परंपरा असलेल्या घरातले, आणि विषयाने रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला यांचे शिक्षण इथे देशी भाषेत मिळे, कारण कारागिराचे मूल इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडू नये, असा गज्जरांचा आग्रह होता. ‘श्री सयाजी ज्ञानमंजूषा’ ही तांत्रिक विषयांवरची ग्रंथमाला याच प्रयत्नातून निघाली. आज लॅपटॉपच्या पडद्यावर उमटणारी चूक न समजणाऱ्या भाषेत येते आणि माणूस घाबरून नको ते बटण दाबतो, हे पाहिले की गज्जरांचा आग्रह किती खोल होता ते उमगते.

गज्जरांच्या हातची एक दुरुस्ती तर मुंबईभर गाजली. ऑक्टोबर १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. संगमरवर घासला तर झिजतो आणि आम्ल लावले तर विरघळतो. डाग काढण्याच्या नादात पुतळाच जायचा. हा पुतळा पूर्ववत करून दाखवला तो गज्जरांनी. डाग कशाचा आहे आणि खालचा दगड काय सोसू शकतो, हे दोन्ही ठाऊक असलेल्या माणसाचेच ते काम होते. त्या पुतळ्याबद्दल कोणाला काहीही वाटो, या कामाचे मोल रसायनशास्त्राच्या नजरेतून करायला हवे.

याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके शिकले. गज्जरांनी तिथला छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांच्यासाठी मोकळी केली. १९१२ साली फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि छपाईचे यंत्र आणवले. मुंबईत यंत्र अडले तर बोलावणार कोणाला? हातात होती ती कॅमेऱ्याची, रसायनांची आणि अंधाऱ्या खोलीची आधीपासूनची ओळख. पत्नी सरस्वतीबाई अंधारात फिल्मला भोके पाडत आणि फाळके ती धुऊन पाहत. मोठ्या चित्रपटाला हात घालण्याआधी त्यांनी कुंडीतल्या रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट करून सगळी यंत्रे तपासून घेतली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला तो या चाचणीनंतर.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावले. राजमहाल रोडवरच्या त्या वास्तूत आता संगणकही शिकवला जातो. आणि शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार वर्षभर ऐकू येते: काल रात्री अपडेट मारला, सकाळपासून लॅपटॉप हँग होतोय.

ही तक्रार आणि मियागामचे इंजिन यांची जात एकच आहे. उदाहरण अगदी नेमके देता येते. २ ऑगस्ट २०१६ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे ‘अॅनिव्हर्सरी अपडेट’ आणले आणि काही दिवसांतच संगणक गोठल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने नंतर कबूल केले की ज्या यंत्रांत विंडोज एसएसडीवर आहे आणि प्रोग्रॅम किंवा माहिती दुसऱ्या डिस्कवर आहे, अशा काही यंत्रांवर हा त्रास होतो. एसएसडी चांगली होती, दुसरी डिस्कही चांगली होती. नवी प्रणाली त्या जोडणीवर आल्यावर यंत्र थिजत होते. पण तेच यंत्र सेफ मोडमध्ये सुरू केले तर गोठत नव्हते! ऑगस्ट संपता संपता आलेल्या दुरुस्तीने हा दोष गेला. दरम्यान सांगितलेला एक उपाय होता मागच्या आवृत्तीवर परत जाण्याचा, म्हणजे बैल पुन्हा जुंपण्याचा.

सेफ मोडची ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यात विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम, घेऊन उठते. तिथे लॅपटॉप सुरळीत चालला तर संशय नव्या प्रणालीशी न जुळणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरवर किंवा प्रोग्रॅमवर येतो. बहुधा ग्राफिक्स, वाय-फाय किंवा अँटिव्हायरस. तिथेही गोठला तर डिस्क, रॅम किंवा तापमान तपासायला हवे. त्याही आधीची एक साधी परीक्षा आहे. पडदा थिजलेला असताना कॅप्स लॉक दाबून पाहावे. दिवा लागत-विझत असेल तर आत जीव आहे, अडले आहे ते बहुधा चित्र. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कित्येकदा तेवढ्याने पडदा हलतो.

दोष कधीपासून आहे, हे आठवणीवर सोडायचे कारण नाही. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची दैनंदिनी असते. कोणत्या दिवशी कोणते अपडेट बसले आणि कोणता प्रोग्रॅम कोसळला, हे तिच्यात तारखेनिशी दिसते. इतकी उपयोगी गोष्ट फार थोडे लोक उघडतात, याची हळहळ वाटते. संशयित ड्रायव्हर सापडला की डिव्हाइस मॅनेजरमधून त्याची आधीची आवृत्ती परत आणता येते. मोठ्या अपडेटनंतर १० दिवसांच्या आत संपूर्ण प्रणालीच मागे नेता येते. पुढे ती सोय उरत नाही, म्हणून आठवडाभर वाट पाहून मग दुकान गाठण्यात नुकसान आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर मात्र अपडेटनंतर काही तास मागे कामे चालू असतात आणि यंत्र मेल्यासारखे वाटते. त्याला चार्जर लावून रात्रभर सोडून द्यावे.

कधी मजबूत करायचा रूळ लॅपटॉपच्या पोटात असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ चे २४एच२ अपडेट आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या काही एसएसडी असलेल्या यंत्रांवर निळा पडदा येऊ लागला. या एसएसडी कामासाठी संगणकाच्या रॅममधला थोडा भाग उसना घेतात. नव्या विंडोजने पूर्वीपेक्षा मोठा भाग देऊ केला आणि एसएसडीच्या आतल्या फर्मवेअरला तो झेपला नाही. इलाज निघाला तो फर्मवेअर बदलून. विंडोज पुन्हा पुन्हा फॉरमॅट करणाऱ्याच्या हाती इथे काहीच लागले नसते.

आणि १९ जुलै २०२४ चा दिवस कोण विसरेल? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. विमाने उडाली ती त्या कागदांवर. दुरुस्ती होती सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकण्याची, पण ती बहुतेक ठिकाणी माणसाने यंत्रापाशी बसून करावी लागली. मागे फिरायची वाट उघडी ठेवणे ही भित्रेपणाची खूण मानणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

आता प्रश्न जुन्या लॅपटॉपांचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या किंवा पुण्या-नाशकातल्या कित्येक घरांत त्याहून जुने, पण धडधाकट लॅपटॉप आहेत. आडवाटेने त्यांवर विंडोज ११ चढवून देणारे भेटतात. चढते, पण ते तेरा पौंडी रुळांवरचे इंजिन असते. अशा लॅपटॉपसाठी खरे मार्ग दोन आहेत. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, रॅम चार जीबी असेल तर आठ करावी आणि विंडोज १० ची वाढीव सुरक्षा मुदत मिळते तोवर ती घ्यावी. किंवा लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली घालून त्याला लिहिण्या-वाचण्याच्या, इंटरनेटच्या कामाला लावावे. मराठी टंकलेखन तिथेही उत्तम होते.

दुरुस्तीला लॅपटॉप देण्याआधी फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. काय बदलले आणि कोणत्या दिवसापासून बिघडले, हे चिठ्ठीवर लिहून द्या. समोरच्याने पहिल्याच वाक्यात ‘फॉरमॅट मारून टाकू’ म्हटले, तर आधी सेफ मोडमध्ये चालवून दाखवायला सांगा.