दुधाचा दात आणि चांदीचा डाग

‘दुधाचे दात पडणारच’ या समजुतीपायी आपल्याकडे बालकांची दंतपीडा पिढ्यानपिढ्या दुर्लक्षित राहिली. २५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने दंतक्षय रोखण्यासाठी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळले. भारताला तो मार्ग सरसकट खुला नव्हता. नेल्लोर परिसरात अतिरिक्त फ्लोराइडने हाडे जखडल्याची नोंद १९३७ मध्येच झाली होती. ‘नलगोंडा’ नावाने प्रसिद्ध असलेली पद्धत तर पाण्यातले फ्लोराइड काढण्यासाठीच आहे! तेव्हा औषध पाण्यात नव्हे, थेट दातावर लावणेच आपल्या देशाला मानवणारे.

असे औषध जपानने १९७० च्या सुमारास वापरात आणले: सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. त्यातील चांदी जंतूंना मारते, फ्लोराइड दाताला बळकटी देते. ड्रिल नको, भूल नको. कीड दाताच्या मज्जेपर्यंत पोहोचण्यापूर्वी लावले, म्हणजे झाले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. किडलेला भाग मात्र काळाकुट्ट होतो, आणि पालक बिचकतात ते इथेच. पुढच्या दातांवरचा हा डाग सहाव्या-सातव्या वर्षी दातासोबतच जातो. दाढांवरचा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतो.