आजारपणातील रोख साहाय्याचा पूर्वेतिहास

औषधाचा खर्च एक वेळ उसनवारीने भागतो. परंतु मिळवता माणूस अंथरुणास खिळला म्हणजे घरची चूल कशावर पेटावी? जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८३ च्या कायद्याने आजारी कामगारास १३ आठवड्यांपर्यंत निम्मी मजुरी मिळू लागली. तो रुग्णालयात असल्यास तिच्या निम्मी रक्कम त्याच्या आश्रितांस मिळे. ही तरतूद आम्हांस विशेष मार्मिक वाटते. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली आराखडा सिद्ध केला, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. तीत आजारी विमेदारास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख मिळतात. म्हणजे पुन्हा १३ आठवडेच! मात्र ही सोय ठराविक वेतनमर्यादेतील नोकरांची. स्वतःचे दुकान चालविणारे आपले ज्ञातिबांधव तीत येत नाहीत.