तीस खुर्च्यांचे ‘प्रून’

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील ईस्ट व्हिलेज या वस्तीत ‘प्रून’ नावाचे एक छोटेखानी बिस्ट्रो १९९९ साली सुरू झाले. खुर्च्या जेमतेम तीस. पण शनिवार-रविवारी सकाळी दार उघडण्यापूर्वीच बाहेरच्या पदपथावर रांग लागलेली असे. ही रांग होती ‘ब्रंच’साठी, म्हणजे न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या मधल्या सैल आहारासाठी.

ब्रंच हा शब्द अमेरिकन वाटला तरी तो इंग्लंडमधला. गाय बेरिंजर या लेखकाने १८९५ साली ‘हंटर्स वीकली’ या नियतकालिकात त्याचा पुरस्कार केला. रविवारी दुपारच्या जड जेवणाऐवजी उशिरा उठून हलकेफुलके, गप्पांसह खावे. शनिवारी रात्री जागलेल्यांची त्याने सोय होईल, असे त्याचे म्हणणे. ‘बिस्ट्रो’ची जन्मकथा मात्र बनावट आहे. १८१४ साली पॅरिसमध्ये आलेले रशियन सैनिक ‘लवकर आणा’ या अर्थी ‘बिस्त्रो’ असे ओरडत, असे सांगतात. परंतु फ्रेंच छापील मजकुरात हा शब्द १८८०च्या दशकाआधी आढळत नाही. मालकाच्या देखरेखीखाली चालणारी, मोजके पदार्थ देणारी वस्तीतली खाण्याची जागा, एवढा अर्थ लक्षात ठेवला तरी पुरे.

प्रूनच्या मालकीण आणि शेफ गॅब्रिएल हॅमिल्टन यांनी पाकशास्त्राचे विद्यालयीन शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांची आई फ्रेंच. ‘प्रून’ हे तिने मुलीला दिलेले लाडाचे नाव. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आलुबुखार. तरुणपणी तुटपुंज्या पैशांत केलेला युरोपचा प्रवास, त्यातली भूक आणि अनोळखी घरांत मिळालेले साधे अन्न यांचा त्यांच्या स्वयंपाकावर खोल ठसा होता. एका बंद पडलेल्या, उंदीर-झुरळांनी भरलेल्या उपाहारगृहाची जागा साफ करून त्यांनी व्यवसाय मांडला. नव्वदच्या दशकाअखेरीस न्यूयॉर्कच्या नामांकित उपाहारगृहांत सजावटीचा सोस होता. अशा काळात येथे डब्यातले सार्डिन मासे, मोहरीची चटणी आणि बाजारात मिळणारी ट्रिस्किट बिस्किटे एकत्र वाढली जात. कच्चे मुळे, लोणी आणि मीठ हीसुद्धा एक स्वतंत्र डिश! एवढ्या साध्या गोष्टीचे पैसे मागायला आत्मविश्वास लागतो आणि मुळा व लोणी तितकेच उत्तम असावे लागते.

ब्रंचच्या मेन्यूत हाच स्वभाव अधिक खेळकर होई. ओव्हनमध्ये टम्म फुगणारा ‘डच बेबी’ पॅनकेक होता, सकाळीच खाण्याची स्पॅगेटी कार्बोनारा होती (अंडी आणि खारवलेले डुकराचे मांस यांचीच तर ती बनते, मग न्याहारीला का नको?). टोमॅटोच्या रसाच्या ‘ब्लडी मेरी’चे जवळजवळ डझनभर प्रकार मिळत. एकात डॅनिश अ‍ॅक्वाविट, तर दुसऱ्यात शिंपल्यांचा रस. रविवारी मात्र पिणाऱ्यांना थांबावे लागे, कारण उपाहारगृहांनी रविवारी दुपारी बाराआधी मद्य देऊ नये, असा न्यूयॉर्क राज्याचा कायदा होता. २०१६ मध्ये ही वेळ सकाळी दहावर आणली गेली, तेव्हा त्या कायद्याला लोकांनी नावच ‘ब्रंच बिल’ असे दिले.

व्यावसायिक स्वयंपाक्यांमध्ये ब्रंच तसा बदनाम. अँथनी बोर्डेन यांनी ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ (२०००) या पुस्तकात, शिल्लक माल खपवण्याची आणि दुय्यम स्वयंपाक्यांना जुंपण्याची ही वेळ, असा इशाराच दिला होता. शनिवारी रात्रीची गर्दी उपसून काही तासांत पुन्हा चुलीपुढे उभे राहणे कोणाला आवडेल? पण अंडी, मैदा, बटाटे स्वस्त आणि पेयांवर नफा चांगला, हे गणित मालकाला मोडवत नाही. प्रूनमध्ये या वेळेलाही रात्रीच्या जेवणाइतकाच जीव लावला जाई. त्याचे फळ म्हणजे ती रांग.

मान्यताही मिळाली. हॅमिल्टन यांचे आत्मकथन ‘ब्लड, बोन्स अँड बटर’ २०११ मध्ये आले. त्याच वर्षी त्यांना न्यूयॉर्क शहरातील सर्वोत्कृष्ट शेफचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये देशपातळीवरचाही. बोर्डेन यांनीही पुस्तकाची तोंडभरून स्तुती केली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रून बंद करावे लागले. तीस कर्मचाऱ्यांना घरी पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकात हॅमिल्टन यांनी दीर्घ लेख लिहिला. त्यातला हिशेब वाचकांना चक्रावून टाकणारा होता. वीस वर्षे गर्दीने भरलेल्या, पुरस्कारप्राप्त जागेकडेही संकटात तग धरण्याइतकी गंगाजळी नव्हती आणि मदतीच्या कर्जांसाठीचे अर्ज हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसला होता.

याच लेखात ब्रंचविषयीचा त्यांचा वैतागही आहे. प्रत्येक पॅनकेकचे आणि प्रत्येक पेल्याचे आधी मोबाइलवर छायाचित्र, मग खाणे. कमी भाड्याच्या वस्तीत शेजाऱ्यांसाठी काढलेली जागा हळूहळू पर्यटनस्थळासारखी झाली होती आणि वस्तीही महाग होत गेली होती. आपल्या उपाहारगृहाची जगाला गरज उरली आहे का, हा प्रश्न त्यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारला. तो प्रसिद्ध झाला तेव्हा फर्स्ट स्ट्रीटवरचे दार कुलूपबंद होते.